दोन्ही कानांची कोकरं

ठराव सकाळच्या चहालाच झाला. तो झाला तेव्हा मीना चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती, म्हणून तीही हजर होती असं नंतर सगळ्यांना म्हणता आलं.

ठराव असा, की धाकट्या सुनेच्या चौदाच्या चौदा मेंढ्या तीन दिवसांनी व्यापाऱ्याच्या टेम्पोत घालायच्या. महिनाभरापासून कोकरं सुकत चालली होती. पोटं फुगलेली, पाठीचा कणा हाताला लागायचा, काळीभोर लोकर जुन्या छत्रीसारखी तांबूस पडलेली. पाला टाकला की हुंगून सोडायची आणि भिंतीची माती मात्र मन लावून चाटायची. दोन तर गेलीच. लेंड्यांत तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं काहीतरी थोरल्या कल्याणने स्वतः पाहिलं होतं, आणि कल्याणने स्वतः पाहिलेली गोष्ट पुन्हा तपासायची या घरात पद्धत नव्हती. भोकरदनला त्याचं खता-औषधाचं दुकान होतं.

"जंतच हाय," तो म्हणाला. "पट्टीसारखा लांब. मी तीन डाव औषध पाजलं. तीन डाव पाजून गुण न्हाई, म्हंजे औषध बराबर हाय, मेंढ्याच खोट्या."

सगुणाबाईंनी बशीतला चहा फुंकला. आजारी कोकरू दिसलं की त्यांच्या नजरेला आधी कान दिसे. या घरात सून आली की आंदणात एक मेंढी यायची, आणि तिच्या पोटच्या माद्या, त्यांच्या पोटच्या माद्या, सगळ्या त्या सुनेच्या राहायच्या. नर घराचे. ओळखायला कान. सगुणाबाईंच्या मेंढ्यांचे कान साबूत. थोरल्या सुनेच्या, शालूच्या मेंढ्यांच्या उजव्या कानाला खाच. धाकट्या मीनाच्या मेंढ्यांच्या दोन्ही कानांना. म्हणजे घरात जी जितकी नवी, तिच्या मेंढीला तितकी जास्त सुरी. तिसरा मुलगा झाला असता तर शेपटाची पाळी आली असती, असं सगुणाबाईंचे मालक, म्हातारे धर्मराज, म्हणायचे, पण हळू. कोकरू महिन्याचं झालं की जिचं तिने रेणुकामातेच्या फोटोपुढे सुरी लावायची, आणि पुढे कधी वाद निघाला तर माणसाला विचारायचं नाही, कान बघायचा. हा नियम सगुणाबाईंच्या सासूचा. तिच्या हयातीत सगुणाबाईंच्या मेंढ्यांनीही खाचा सोसल्या होत्या.

आणि आता कळपात जी आठ कोकरं माना टाकून उभी होती, त्या आठांच्या दोन्ही कानांना खाचा होत्या.

"गंगथडीची मेंढी ती," सगुणाबाई म्हणाल्या. मीनाचं माहेर घनसावंगीकडचं, गोदावरीच्या काठचं. "बारमाही ओल. पोटात जंत न्हाई तं काय निघंल? हिच्या बापानं मेंढी दिली, तिच्यात भरून जंतबी दिला."

धर्मराजांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मेंढी येऊन सहा वर्षं झाले. तवर जंत कशाची वाट बघून राह्यल्ता?"

"मोठ्या घरात आल्ता. सवडीनं निघाला."

गेलेली दोन कोकरं तर शालूची होती, हे धर्मराजांना विचारायचं होतं. पण त्याचंही उत्तर तयार असणार हे ओळखून त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. उत्तर तयार होतंच. त्या दोघांना मीनाच्या कोकरांचं लागलं होतं. शालूने तसं सांगितलं, खाली बघून, आणि कल्याणने मान डोलावली. मीनाचा नवरा राधेश्याम, ज्याच्या मागे हा सगळा कळप रोज सात-आठ मैल चालायचा, त्याने रिकाम्या कपातून एक घोट घेतला.

मीनाने फुंकणी खाली ठेवली. "आत्याबाई, चौदा कशा? माझ्या नऊ हायेत."

"कल्याणनं मोजल्या."

"मंग वाढल्या असतील," कल्याण म्हणाला. "तुझंच भलं झालं. विकायला जास्त आल्या."

*

नऊच होत्या. मीनाला मोजायला बोटंही लागत नसत. आंदणातली म्हातारी, तिच्या तीन लेकी, त्यांची पाच. सातबाऱ्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत या घरात तिचं नाव कुठेच नव्हतं. जे होतं ते त्या अठरा कानांवर होतं. धुणं वाळत घालायच्या निमित्ताने ती मेंढ्या कोंडायच्या वाघुरीच्या जाळीशी गेली. कडेवर नऊ महिन्यांची चिमी होती, आईच्या पदराचं टोक दोन दातांनी चावत. मीना वाकली, एका कोकराचा कान बोटांत धरला. उजव्या कानाची खाच जुनी, कडा वाळून गुळगुळीत. डाव्या कानाची ताजी. खपली ओली, तिच्यावर हळद. तीन महिन्यांच्या कोकराला कालपरवाची खाच. दुसऱ्याचा कान पाहिला, तिसऱ्याचा. अशी पाच निघाली.

खाच वाढवता येते. भरून काढता येत नाही. म्हणून मेंढी या घरात वरून खालीच येऊ शकते, थोरलीकडून धाकटीकडे. उलट कधीच नाही. असं कुणी करील असं मात्र तीन पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण मेंढी फुकट द्यायला कुणाला काय पडलंय?

राधेश्याम बोरीच्या झाडाखाली जेवायला बसलेला तिने गाठला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा पुन्हा कालवणात बुडवला. त्याचं म्हणणं असं, की कळपात अठ्ठावन्न होत्या आणि सांजच्याला अठ्ठावन्नच भरतात. तो पाय मोजतो, कान नाही. त्याचं असंही म्हणणं होतं, की वहिनीवर आळ घेतला तर भाऊ भांडेल, भाऊ भांडला की घर फुटेल, आणि घर फुटलं की सगळे त्यालाच विचारतील, तू कुठं होतास.

"तुमी कुठं होते?"

"मेंढ्यांमागं," तो म्हणाला, आणि हे खरं असल्याने त्याला जरा बरं वाटलं.

मीनाने चिमीला मांडीवर घेतलं, पदराआड केलं. पोरगी पिता पिता तिच्या ब्लाउजचं बटण पिरगाळत राहिली. "मी कुणावर आळ घेत न्हाई. मला फक्त त्या आठांच्या लेंड्या पायजे. ताज्या. कोणत्या कोकराच्या कोणत्या, ते बराबर ठेवून."

राधेश्यामने उरलेली भाकरी संपवली. मग उठला आणि संध्याकाळपर्यंत आठ कोकरांच्या मागे पळसाची पानं घेऊन फिरला. लग्नाच्या सहा वर्षांत बायकोने मागितलेली आणि त्याने तशीच्या तशी आणून दिलेली ही पहिली वस्तू. पुड्या त्याने दोऱ्याने बांधल्या होत्या आणि प्रत्येकीवर कोळशाने रेघा ओढल्या होत्या, एकापासून आठपर्यंत.

दुसऱ्या दिवशी चिमीच्या लसीचा वार आहे असं सांगून मीना जीपमध्ये बसली. पुड्या पेढ्यांच्या डब्यात होत्या, डबा मांडीवर. शेजारच्या बाईने देवीचा प्रसाद समजून डब्याला हात लावून कपाळी नेला. मीनाने तिला अडवलं नाही. अडवून काय सांगणार होती?

जनावरांच्या दवाखान्यात सत्यशीला म्याडम होत्या. त्यांनी पुड्या आणि त्यांवरच्या रेघा बघितल्या, आणि असं माणूस पहिल्यांदाच दारात आलं म्हणून मीनाला खुर्ची दिली. यंत्राखाली काच धरली. जंत आहे म्हणाल्या, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. भिंत चाटतात का? एकमेकांची लोकर खातात का? काळी लोकर तांबडी पडली का? मागचे पाय चालताना हेलपाटतात का? मीना होय होय म्हणत गेली. शेवटी तिला वाटलं, बाई आपल्याच घरी राहून गेल्यात की काय.

"परवा टेम्पो येणारे म्हणता?" म्याडम म्हणाल्या. "आजारी मेंढ्या अशा हलवायच्या नाहीत. उद्या सकाळी मी येते. तोवर एकही जागची हलता कामा नये. घरी सांगा, मी सांगितलंय म्हणून."

*

घरी सांगितल्यावर जे झालं ते शालूने भाकरी थापता थापता ऐकलं, आणि तिचा हात परातीत थांबला.

कुणी मीनावर ओरडलं नाही. ओरडायला हवं होतं. चोरून दवाखान्यात गेली, लसीचं खोटं सांगितलं, घरची गोष्ट बाहेर नेली. सगुणाबाईंनी तोंड उघडलंही होतं. पण धर्मराज म्हणाले, सरकारी डॉक्टर आपल्या दारात येणार, म्हंजे बाज झटकून ठेवावी लागंल. आणि कल्याण, ज्याच्यावर शालूची सगळी भिस्त होती, तो एकदम गोड झाला. म्याडमनी लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याच्याच दुकानात येत.

"टेम्पो आजच बोलावला तर?" शालूने आतून विचारलं.

"येडी हायेस का? म्याडम येऊन राह्यल्यात आन् मी मेंढ्या विकून बसू?"

शालूने भाकरी तव्यावर टाकली. जरा जाड पडली.

तिचं तिला ठाऊक. पहिली दोन कोकरं एका आठवड्यात गेली, आणि गिरणीवर चार बायांत सगुणाबाई म्हणाल्या, थोरलीच्या हाताला यशच न्हाई, हिनं शिवलं की वाळतं. पंधरा वर्षं या घरात खपून शेवटी हे. त्यानंतर तिची बाकीची पाचही माना टाकू लागली. रोज पहाटे ती आधी जाळीशी जायची, आज कोणतं गेलं बघायला. मग एका दुपारी सगळे हळदीला गेले असताना तिने सुरी घेतली. मरायचीच आहेत तर धाकटीच्या नावावर मरू देत, एवढाच तिचा हिशेब. रेणुकामातेच्या फोटोची पाठ फिरवून ठेवली. पहिल्या कोकराने हंबरडा फोडला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने कानाला हळद लावली, फुंकर घातली, मांडीवर घेऊन बसली, आणि मग दुसरं धरलं. पाचही कान असेच. धाकटीच्या सगळ्याच मेंढ्या विकायला निघतील हे तिच्या मनात आलं नव्हतं. ते कल्याणच्या मनात आलं. तिने फक्त हो म्हटलं.

त्या रात्री वाढताना तिने मीनाच्या भाकरीवर तुपाची धार जरा जास्त सोडली. मीनाने ती भाकरी मुकाट खाल्ली. शालूला ते मुकाट्याने खाणं अजिबात आवडलं नाही.

*

सकाळी म्याडमची मोटारसायकल आणि व्यापाऱ्याचा टेम्पो एकाच वेळी अंगणात आले. टेम्पोला एक दिवस आधी ये म्हणून कुणी निरोप धाडला हे कुणी विचारलं नाही. शालू गोठ्यात शेण भरत होती.

सत्यशीला म्याडमनी बाजेकडे पाहिलंही नाही. सरळ जाळीत शिरल्या, एका कोकराला गुडघ्यांत धरलं आणि त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लाल हवं, ते चुन्यासारखं पांढरं. मग साबूत कानाची एक मेंढी धरली, तिचंही फिकट. उजव्या खाचेची धरली, तिचंही. त्यांना कान कळत नव्हते, म्हणून त्या कोणतीही धरत होत्या, आणि सगुणाबाईंना ते बघवत नव्हतं.

"जंत सगळ्यांतच आहे," म्याडम म्हणाल्या. "थोडाफार असतोच. चरताना गवतातला बारीक किडा पोटात जातो, त्यातून हा येतो. कोणी माहेराहून आणत नाही." हे त्या कुणाला बोलल्या ते कळलं नाही, पण धर्मराजांना खोकला आला. "आता आणखी औषध पाजू नका, लेकरांची आतडी सोलून निघतील. खरं दुखणं वेगळंय. यांच्या चाऱ्यात कोबाल्ट नाही, तांबं नाही. चिमूटभर लागतं, पण तेवढंही तुमच्या त्या माळावर नाही. म्हणून भिंत चाटतात. भिंतीत तरी काही सापडतं का बघतात बिचारी. ते मिळालं की बरी होतील."

कल्याणने खाकरून सांगितलं, की खनिजाची पावडर त्याच्या दुकानात आहेच, गायीम्हशींची, अस्सल, आत्ता पोतं आणवतो.

"ती मेंढीला द्यायची नाही. तांबं जास्त असतं त्यात. मेंढी मरेल." म्याडमनी त्याच्याकडे पाहिलं. "दिली नाहीत ना?"

"न्हाई, न्हाई. बिलकुल न्हाई," कल्याण म्हणाला, आणि पायाने त्याच पावडरीचं आधीच आणून ठेवलेलं एक पोतं हळूच बाजेखाली सरकवू लागला. पोतं सरकेना. धर्मराजांनी बसल्या बसल्या पाय लांबवून त्याला मदत केली.

व्यापारी टेम्पोला टेकून विडी ओढत होता. त्याला घाई नव्हती. दोन्ही बाजूंनी भाव उतरत चाललेला त्याला ऐकू येत होता.

मग म्याडम म्हणाल्या, "या आठांच्या आया कुठायत? त्यांचं दूध बघते. आईतच नसेल तर पिल्लाला कुठून मिळणार?"

त्यात अवघड काहीच नव्हतं. रोज सकाळी कोकरं वेगळी कोंडलेली असतात आणि आया वेगळ्या. मधली जाळी उचलली की झालं. राधेश्यामचा हात जाळीवर गेला आणि तिथेच थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. मीना चिमीला खांद्यावर घेऊन थोपटत होती. ती नुसती थोपटत राहिली, आणि त्या थोपटण्यात काय होतं कोण जाणे, सहा वर्षांत कधी कुठल्या बाजूला न गेलेल्या राधेश्यामने जाळी उचलली.

आठ कोकरं अडखळत, हेलपाटत सुटली. तीन मीनाच्या मेंढ्यांखाली शिरली. पाच शालूच्या मेंढ्यांखाली गेली, आणि त्या मेंढ्यांनी वळून त्यांची शेपटं हुंगली आणि उभ्या राहिल्या. मेंढी परक्या पिल्लाला लाथेने उडवते, हे त्या अंगणात बांधलेल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

पहिला बोलला तो व्यापारी. "मायच्या एका कानाला खाच आन् लेकराच्या दोन्ही? ह्ये नवीनच बघून राह्यलो."

सगुणाबाईंनी शालूकडे पाहिलं. शालूच्या हातातली शेणाची पाटी खाली आली.

तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक कबूल करायची. सासू समोर, सरकारी बाई समोर, व्यापारी समोर, आणि कुडाआड शेजारच्या तिघी. दुसरी वाट तिला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हती.

"दुधाचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली. आवाज तिलाच उंच वाटला. "भूक लागली की कोकरू कुणालाबी पितं. आपल्या घरात कान बघायचा नियम हाय. कान बघा, आत्याबाई. दोन्ही कापलेले हायेत. धाकटीचीच हायेत ती."

सगुणाबाई उठल्या. जाळीत गेल्या, एका कोकराचा डावा कान चिमटीत धरला. हळद वाळून गेली होती तरी खाच ओली होती, आणि तिरपी होती. शालूचा हात तिरपा चालतो. भाजी चिरतानाही तिरपीच चिरते. पंधरा वर्षं तीच भाजी खात होत्या त्या. सगळं कळलं. पण हा कान खोटा म्हटला, तर कळपातले बाकीचे एकशे पंधरा कान कशावरून खरे? त्यांच्या स्वतःच्या साबूत कानांच्या मेंढ्या तरी कशावरून त्यांच्या? सासूने घालून दिलेला नियम सुनेच्या सुनेने मोडला असं गावाला सांगायचं, का पाच कोकरं इकडची तिकडे गेली म्हणायचं?

त्यांनी कान सोडला.

"शालू बराबर बोलती," त्या म्हणाल्या, कुडाआड ऐकू जाईल एवढ्याने. "कान दोन कापलेले, म्हंजे मीनाची. कायमची. शालूनं सगळ्यांसमोर सांगितलं. म्याडम, तुमी ऐकलं ना?"

म्याडम कोकराला सुई टोचत होत्या. त्यांनी हो म्हटलं.

"अन् सरकारी डॉक्टर बरी होतील म्हणतात, तं विकायची कामून? व्यापारीदादा, चहा घेऊन जावा."

शालूने पाटी उचलायला वाकावं तसं केलं, आणि वाकलेलीच राहिली. कल्याणला अजूनही नीट कळलं नव्हतं. बायकोने आपल्याच तोंडाने पाच मेंढ्या दान केल्या हे त्याच्या डोक्यात टेम्पो वळून फाट्याला लागला तेव्हा उतरलं, आणि मग तो बाजेवर, बरोबर त्या पोत्याच्या वर, बसला.

मीनाने मान खाली घालून म्याडमना हात धुवायला पाणी दिलं. तिच्या मनात काय होतं ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून तिने चिमीच्या टाळूवर ओठ टेकवले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

*

त्या दिवशी दुपारभर घरात सगळ्यांनी एकमेकांच्या पापण्या ओढून पाहिल्या. पुरुष लालबुंद निघाले. दोन्ही सुना चुन्यासारख्या निघाल्या. सगुणाबाईंनी निकाल दिला, की म्याडमनी सांगितलं ते मेंढ्यांपुरतं आहे.

मेंढ्यांना मात्र गुण आला. म्याडमनी मेंढ्यांची वेगळी पावडर लिहून दिली. कल्याणने ती दुकानात आणली आणि आता येईल त्या मेंढपाळाला कोबाल्टवर व्याख्यान देऊ लागला, जंताचं नावही काढीना. मीना रोज संध्याकाळी मक्याच्या भरड्यात पावडर कालवायची, अठ्ठावन्न तोंडांपुढे सारखी. कान न बघता. दीड महिन्यात कोकरांच्या पाठी भरल्या. मुळाशी नवी लोकर फुटली, काळी, कावळ्याच्या पंखासारखी. सगळ्यांत चांगली फुटली ती त्या पाचांची. शालूच्या मेंढ्यांना दूधच तसं होतं.

शालू रोज ते बघायची. जाळीपाशी तिचं काही ना काही काम निघायचं. आज झाडू विसरला, उद्या दावं. एकदा मीनाने पाहिलं, त्यांतल्या एका कोकराचा डावा कान हातात धरून शालू नुसती उभी होती, खाचेवरून अंगठा फिरवत. कान भरला होता. खाच तशीच होती.

शेवटी एका संध्याकाळी ती भरड्याच्या टोपलीशी येऊन बसली. भरड्यातला एक खडा तिने वेचून टाकला. मग म्हणाली, चिमीला घेऊ का, तुझे हात भरलेले हायेत. मीनाने दिली. पोरगी चुलतीच्या मांडीवर जाऊन तिच्या बांगड्या चाखू लागली.

"मीना," शालू म्हणाली, "मी काय म्हणते. त्या पाचांतली..."

"आत्याबाईंनी कायमची म्हटलंय, जाऊबाई. चारचौघांत. तुमीच सांगितल्यावरून."

"हाव. मीच सांगितलं."

मीना भरडा कालवत राहिली. ती रागावलेली नव्हती. दीड महिन्यात राग कालवता कालवता कुठेतरी जिरून गेला होता. राहिला होता तो नुसता एक आकडा. नऊ नाही, चौदा. या घरात आकडा वाढायला सहा वर्षं लागली होती आणि मग तो एका दुपारीत वाढला होता. तिने हात झटकले.

"ह्या पाच जणी पुढल्या साली वितील," ती म्हणाली. "त्यांच्या पिल्लांचे कान मलाच कापायचे. समजा, कापता कापता चिमी रडली. समजा, उजवा कापून झाला आन् डावा ऱ्हायला. ऱ्हायला तं ऱ्हायला. मंग कान बघायचा."

शालूने चिमीला छातीशी धरलं. तरी तिने विचारलंच.

"पाचींच्याबी?"

मीनाने टोपली उचलून कमरेवर घेतली आणि जाळीचं दार पायाने लोटलं.

"दोघींच्या."

शालूने मनात मोजलं. मग चिमीला कडेवर नीट घेतलं, पदर खोचला आणि दुसरी टोपली उचलून धाकट्या जावेच्या मागोमाग आत गेली.